आत्याने लिहिलेला शेवट

माझ्या धाकट्या आत्याला न ओळखणारी माणसं फक्त रत्नागिरीत राहतात. बाकी दुबई, न्यू जर्सी आणि मधल्या समुद्रात जिथे म्हणून मराठी माणूस होता, तिथे एके काळी तिचं नाव निघायचं. इथे मात्र ती शाळेत शिवणकाम शिकवणारी, लग्न न केलेली, भावाच्या घरी राहणारी आणि मालिकांपायी वाया गेलेली बाई. मालिका सुरू झाली की आमच्या घरात कुकरने शिट्टी द्यायची नाही, खोकला आला तर पडवीत जायचं. एकदा लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींना तिने हातानेच गप्प करून टीव्हीसमोर बसवलं. अक्षता जाहिरातींच्या वेळात दिल्या गेल्या. पडद्यावरच्या माणसांशी तिचं बोलणं अरेतुरेचं. नायिकेने बांगडा शेपटीला धरून उचलला, तर "मेलीने जन्मात मासे घेतलेले नाहीत!" असं ओरडून तिने त्या बाईचं माहेर उद्धरलं.

दोन हजारच्या पुढची वर्षं ती. एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे निघाला होता. तिथे बोटीवरची नोकरी शोधणारी पोरं बसलेली असायची आणि त्यांच्यात मांडीवर पर्स घेऊन एका बोटाने टाइप करणारी आमची आत्या. परदेशात ज्यांना मराठी मालिका दिसत नसत, त्यांच्यासाठी ती एका वेबसाइटवर आदल्या दिवशीचा एपिसोड इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहून काढी, वर आपली शेरेबाजी. आधी दोन-चार जण वाचायचे. मग खलाशी वाचू लागले, आखातातल्या नर्स वाचू लागल्या आणि मालिकेपेक्षा आत्याच बरी, असं म्हणू लागले. "अगो, असं चारचौघांत लिहायचं म्हणजे..." बाबा कुरकुरले. "चारचौघं कसले दादा, शेकड्यांनी आहेत!" आत्या म्हणाली. काय तो तोरा!

एका संध्याकाळी सासू नायिकेला नोकरी सोड म्हणाली. नायिकेने मान वर केली आणि लाइट गेले. आत्याने लोडशेडिंगच्या नावाने बोटं मोडली. सकाळी कॅफेत जाते तर वेबसाइटवर सगळे वाट बघत बसलेले. झालं, तिने दिलं ठोकून: नायिका म्हणाली, "आई, तुमचं बाकी सगळं ऐकेन, नोकरी सोडणार नाही." दुपारी शाळेतल्या बाईंकडून खरं कळलं. नायिकेने रडत सासूचे पाय धरले होते आणि राजीनामा लिहून दिला होता.

आत्या जेवली नाही. "माझ्या शब्दावर विसंबून आहेत गो ते सगळे. खरं सांगितलं तर उद्यापासून कोण वाचील मला?" तिचं म्हणणं कान देऊन ऐकणारी माणसं जगात तेवढीच होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "कशाला सांगतेस? तिकडे कोणाला पत्ता लागणार?" बाबा म्हणाले. "मला लागलाय ना!" असं म्हणून ती तरातरा कॅफेत गेली आणि सगळं कबूल करून आली. लाइट गेले, शेवट माझा, खरं असं झालं, माफ करा.

दुसऱ्या दिवशी मला सोबत नेलं. स्वतः बघायची हिंमत होईना, म्हणून मी वाचून दाखवलं. एकाने खोटारडी म्हटलं होतं. पण त्याच्याखाली नुसती रांग लागली होती. "ताई, लाइट गेले एवढं म्हणायचंत की! आम्ही काय लंडनात जन्मलो?" बोटीवरच्या एकाने लिहिलं होतं, "माझ्या लग्नात अंतरपाट धरला नि लाइट गेले होते." आत्या तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की कॅफेभर ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी आत्या!

पुढच्या मे महिन्यात देवरुखची एक मुलगी पत्ता काढत घरी आली. मस्कतला नर्स होती. आत्या हाताला तेल लावून अंगणात फणस फोडत बसली होती. "तुमचा शेवट खोटा होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं," ती मुलगी म्हणाली, "पण तोवर मी सासूबाईंना फोन करून सांगून टाकलं होतं, नोकरी सोडणार नाही म्हणून."

टीव्हीतल्या माणसांनाही उलट उत्तर देणाऱ्या आत्याने फणसातला मोठा गरा काढून त्या मुलीच्या हातावर ठेवला आणि "खा गो," एवढंच म्हणाली.

ती वेबसाइट पुढे बंद पडली. आत्याने लिहिलेलं एक अक्षर आज कुठे सापडत नाही. देवरुखची ती मुलगी मात्र तिकडे सगळ्या नर्सांवरची मेट्रन झाली.