ओठ हलवू नका

अमेरिकेत आल्यावर पन्नाशीत मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्राला नाव घातलं. पहिल्याच ऑनलाइन परीक्षेत कॉपी पकडायला कॅमेरा चालू होता; स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चेहरा दिसत होता. सरासरी काढताना लाल सूचना आली: ओठ हलवू नका, नाहीतर पेपर रद्द.

"आई, पाढे मनात म्हण ना. त्यांना वाटतं, तू कुणाला तरी उत्तरं विचारतेस," लेक नंतर म्हणाली.

मनात? शाळेच्या पडवीत आम्ही पाढे ओरडून पाठ केले. माझे आकडे जिभेवरच राहतात. तोंड मिटलं की तेही गप्प. देश सोडताना पुष्कळ मागे ठेवलं. हे नाही ठेवणार.

पुढच्या पेपरला मी कॅमेऱ्याकडे रोखून पाहिलं आणि खणखणीत म्हटलं, "तेरा साते एक्क्याण्णव!"