साखळीचे डावे दात

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याचं बोट मापात बुडतंय का, हे वाकून पाहणाऱ्यांपैकी. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं लष्करी सामान लिलावात निघालं आणि आमच्या वखारमालकांनी तिथून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली, तेव्हाही पहिली शंका मलाच आली. एवढी चांगली चीज लष्कर विकतं कशाला? मालक म्हणाले, तू चालवून बघ आणि मग शंका काढ.

ती करवत चालवायला दोन माणसं लागत. इंजिनाच्या बाजूला मी, कारण आधी मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. समोरच्या टोकाची मूठ धरायला ठाण्याच्या खाडीकाठचा एक ख्रिस्ती गडी. घरी भाजीची आणि झेंडूची शेती, बाप होड्या बांधणारा. कामाला वाघ, पण बोलणं मोजकं. आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा मला जरा जास्तच संशय येतो.

साखळीची निगा माझ्याकडे होती. इंजिन बंद करून प्लगची वायर काढल्याशिवाय मी साखळीला हात लावत नसे. मग हाताला गोणपाट गुंडाळून ती उतरवायची, रॉकेलमध्ये बुडवून तिच्यात अडकलेला भुसा आणि डिंक सोडवायचा, आणि एकेका दातावर कानस चालवायची. कानस पुढे ढकलायची, मागे आणताना उचलायची. एक दात डावीकडचा, पुढचा उजवीकडचा. प्रत्येकाला मोजून तीन हात. पुन्हा चढवली की तेल घालून ओढून बघायची. ती लोंबता कामा नये आणि अडताही कामा नये. सैल साखळी निसटली तर समोरच्याचं तोंड फाटणार, आणि समोर तो असायचा. या कामात मी कधी हयगय केली नाही, याचा मला फार अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता करवत किंचित वाकडी जायला लागली. ओंडक्यात सरळ शिरायची आणि अर्ध्यावर उजवीकडे ओढायची. साखळी उतरवून रात्री आम्ही पेटीत ठेवत असू. एका सकाळी मी ती काढली, तर काही दातांवर कानशीची ताजी चमक दिसली. मी तर चार दिवसांत कानस हातात धरली नव्हती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. त्या संध्याकाळी पेटीला सुतळी बांधली आणि माझी अशी एक खास गाठ मारली. सकाळी सुतळी होती, पण गाठ दुसरीच होती.

मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. तो दोनदा पेटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गप्प कामाला लागला. ते गप्प राहणंही मी मनात टिपून ठेवलं.

कुलूप लागल्यावर करवत सुधारायला हवी होती. ती जास्तच बिघडली. गिऱ्हाईक तिरके ठोकळे परत पाठवायला लागलं. दुसरा कोणी असता तर त्याने इथे थांबून विचार केला असता. मी ठरवलं की आता हा मूठ मुद्दाम पिळतोय, आणि तसं मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, दसऱ्यापर्यंत राहू दे, त्यानंतर त्याला येऊ नको म्हणून सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होई. मी साखळी धुऊन पुसून पाटावर लांब मांडली आणि एकेका दाताला गंध लावायला बसलो. अनामिका पहिल्या दाताला टेकली. पुढच्यावर नेली तर हवेतच राहिली, खाली दाबावी लागली. तिसऱ्याला टेकली, चौथ्याला पुन्हा खाली. मी गंधाची वाटी बाजूला ठेवली आणि बोटानेच सगळी साखळी चाचपली. डावे दात झाडून सगळे आखूड होते. मी उजव्या हाताने काम करणारा, त्यामुळे एका बाजूला माझा हात भार देऊन चालत होता आणि दुसऱ्या बाजूला अवघडून. तीन हात मी मोजत होतो, पण हाताचा जोर कधीच मोजला नव्हता.

तेवढ्यात तो आला, गेल्या वर्षीसारखाच यंत्राला घालायला घरच्या झेंडूची माळ घेऊन. पेटी तू उघडायचास का, म्हणून मी विचारलं.

"उघडायचो. उजवे दात थोडे घासून डाव्यांच्या बरोबरीला आणायचो. करवत कुठं ओढते, ते मुठीत कळतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू सुतळी बांधलेलीस. सांगून ऐकलं असतंस?"

मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना. तसाच उठून मालकांकडे गेलो आणि चूक माझी आहे, त्याला काढू नका, म्हणून सांगितलं. मालक हसले आणि त्याला राहू दे म्हणाले. मी धावत येऊन, तुला काढायचं ठरलं होतं पण आता राहा, म्हणून त्याला सांगितलं. तोवर त्याची माळ करवतीला घालून झाली होती.

"नको," तो म्हणाला. "साखळी चढवणार तू, आणि समोर तोंड माझं. तुझा माझ्यावर भरवसा नाही, तर मी तुझ्यावर कसा ठेवू?"

मी पुढे केलेला प्रसादाचा पेढा त्याने घेतला, तिथेच खाल्ला आणि तो गेला. त्यानंतर तो आमच्या वखारीत आला नाही.

दसऱ्यानंतर नवा जोडीदार मिळाला. पहिल्याच दिवशी मी त्याच्या हातात पेटीची दुसरी किल्ली ठेवली आणि सांगितलं, मी धार लावली की तू दातांवरून बोट फिरवून बघत जा. त्याने किल्ली उलटसुलट करून पाहिली, मग मला नीट न्याहाळलं.

"मला कशाला?" तो म्हणाला. "उद्या काही बिघडलं, तर माझ्यावर ढकलायला?"