मोजून मीठ घालणारी वहिनी

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. तिथे यंत्रापाशी बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. काच अर्धा मिलिमीटर जास्त घासली गेली तर ती फ्रेममध्ये खुळखुळते, कमी घासली गेली तर बसवताना फ्रेमच तडकते. दिवसभर असं मोजूनमापून काम करणारी बाई स्वयंपाकातही तशीच असेल असं वाटावं, पण स्वयंपाकघरात ती अगदी उलट होती. मीठ चिमटीने, लोणी डोळ्याने, आणि बाकी सगळं नाकाने. झाकण उचलायची, वाफेत नाक घालायची आणि म्हणायची, "अजून पाच मिनिटं." पाच मिनिटांनी ते खरोखरच झालेलं असायचं.

मी तिची नणंद. तिचा नवरा माझा थोरला भाऊ. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले, लग्न केलं नाही आणि दादाच्या खालच्याच मजल्यावर राहते. आम्ही दोघी दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जायचो. तिथे आमचं दहा-बारा जणांचं मंडळ जमतं. दर आठवड्याला एकाने सूप करून आणायचं, दुसऱ्याने गोड. बाकीच्यांनी आपापली वाटी आणि चमचा आणायचा. खाऊन झालं की करणाऱ्याने कृती सांगायची आणि बाईंनी ती वहीत उतरवून घ्यायची. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक कडक बाई. त्यांना स्वतःला चहापलीकडे काही येत नाही. जन्मभर खानावळीत जेवल्या. पण लिहून घेताना कुणाला सोडायच्या नाहीत.

"थोडं म्हणजे किती?"

"बाई, थोडं म्हणजे थोडं."

"असं परीक्षेत लिहिलं असतंस तर शून्य दिलं असतं."

वहिनीचं कांद्याचं सूप सगळ्यांना आवडायचं. वहीत त्याची कृती अशी आहे: कांदे बरेच, लोणी लागेल तसं, मंद आचेवर वास बदलेपर्यंत परतणे. त्या कृतीवरून आजवर कुणालाही ते सूप जमलं नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मी तर तिच्या शेजारी उभी राहून पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत दादा आणि वहिनी दोघांनाही ताप आला. वहिनीचा आठ दिवसांत उतरला. दादाचा छातीत गेला. बाराव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये दादा गेला. दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि वहिनी त्याची औषधं आणायला खाली गेली होती. ती पिशवी घेऊन वर आली, नर्सने तिला सांगितलं. वहिनी म्हणाली, "मग ही औषधं परत करता येतील का?"

लोक अशा वेळी काहीही बोलतात, मला माहीत आहे. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघी दादाचे कपडे आवरायला बसलो. त्याचा राखाडी स्वेटर माझ्या हातात आला. मी तो तोंडाशी धरला आणि मला आवरेना. दादाचाच वास होता, दाढीच्या साबणाचा आणि त्याच्या कारखान्यातल्या तेलाचा. मी तो वहिनीपुढे केला. म्हटलं, "बघ, अजून वास आहे त्याचा." तिने स्वेटर नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला, मग व्यवस्थित घडी घालून ढिगावर ठेवला.

"हा धुवायला टाकायचा का?" तिने विचारलं.

मी खाली आले आणि मैत्रिणीला फोनवर म्हणाले, "दगड आहे ती." म्हणाले ते म्हणाले, आता लपवून काय करू?

वहिनी कामावर जायला लागली. वेळेवर जायची, वेळेवर यायची. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर गप्प. चार महिन्यांनी ती पुन्हा बुधवारी यायला लागली. तिच्या पाळीला तिने कॅरमल कस्टर्ड आणलं. वरची साखर करपून काळी झालेली, पहिल्या चमच्याला जीभ आखडली. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे मान खाली घालून खात होते. आमच्यात एक औषधांच्या दुकानातले म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांनी तर वाटी खरवडून संपवली. दीड महिन्याने तिने भोपळ्याचं सूप आणलं. त्यातली साय आंबलेली होती. तेही सगळ्यांनी मुकाट्याने गिळलं. बाईंनी कृती लिहून घेतली. वहिनी म्हणाली, "साय थोडी," आणि बाईंनी लिहिलं, साय थोडी. पुढे काही विचारलं नाही.

मला तिची लाज वाटत होती आणि आपल्याला लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

मग एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, मी वर निघाले. जिन्याच्या वळणावरच गॅसचा वास आला. दारापाशी तर उभं राहवेना. माझ्याकडे किल्ली असते. दार उघडलं तर वहिनी टेबलाशी बसून कुणाच्या तरी चष्म्याचा बारीक स्क्रू घट्ट करत होती. सूप उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू होता. मी बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिला मनगटाला धरून ओढत जिन्यात आणलं. आणि तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात मी कुणावर हात उगारला नव्हता.

"काय करायला निघाली होतीस तू?"

"सूप," ती म्हणाली.

"अगं, घरभर गॅस भरलाय."

"हो का?"

तिच्या गालावर माझी बोटं उठली होती. तिने तिथे हातही लावला नाही. दुसऱ्या हातात तो चष्मा अजून धरलेला होता. ती पायरीवर बसली.

"मला वास येत नाही, वन्सं," ती म्हणाली. "तापापासून. चवही नाही. कडू, गोड, काही नाही."

मी तिच्या शेजारी बसले.

"सव्वा वर्ष होत आलं. सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगणार? हे गेले होते. तुम्ही सगळे रडत होता. त्यात मी म्हणायचं का, मला नाकाचा त्रास होतोय?"

मी तिच्या हातातला चष्मा घेऊन मांडीवर ठेवला.

"तुम्ही तो स्वेटर दिलात ना," ती पुढे म्हणाली, जणू दुकानातल्या एखाद्या ऑर्डरबद्दल सांगत होती. "मी हुंगला. नुसती लोकर टोचली नाकाला. तुम्हाला रडू आलं, मला आलं नाही. वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आता वास आला नाही म्हणून रडू आलं नाही, की तसंही येणार नव्हतं, ते मला सांगता येत नाही."

"मी तुला दगड म्हटलं होतं," मी म्हणाले. "फोनवर. मैत्रिणीला."

"बरोबरच म्हणालात. मलाही तसंच वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं, नस दुखावली आहे, अजून बरी होईल किंवा होणारही नाही. चार छोट्या बाटल्या दिल्या. लिंबू, लवंग, निलगिरी, गुलाब. रोज सकाळी एकेक बाटली हुंगायची आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. वहिनीने वर्षभर ते नेमाने केलं. रोज सकाळी खुर्चीत ताठ बसून चार बाटल्या, मग डबा भरून दुकानात. एकदा तीन दिवस तिला जळलेल्या रबराचा वास येत राहिला. आम्ही घरभर शोधलं. कुठेच काही जळत नव्हतं. मग तोही गेला.

स्वयंपाकघरात मात्र तिने वेगळंच सुरू केलं. ग्रॅमचा काटा आणला, दुधात बुडवायचं थर्मामीटर आणलं. शनिवारी मला वर बोलवायला लागली.

"तुम्ही फक्त चव बघा. बाकीचं मी करते."

पहिल्या शनिवारी कांद्याचं सूप. मी चमचा तोंडात घातला. "जरा अळणी आहे."

"जरा म्हणजे किती?"

"आता मी काय सांगू? जरा."

तिने एक ग्रॅम मीठ मोजून घातलं आणि ढवळलं. "आता?"

"आता बरं आहे."

"बरं आहे की पूर्वीसारखं आहे?"

सात शनिवार गेले. आम्ही भांडलोसुद्धा. एकदा मी चमचा आपटून खाली निघून आले. पुढच्या शनिवारी तिने काहीच झालं नाही अशा सुरात हाक मारली आणि मी गेले. कांदा किती परतायचा, तिथे गाडं अडलं. पूर्वी ते वासावर ठरायचं. वहिनीने दुकानातून उन्हाच्या चष्म्यांच्या काचांचे नमुने आणले, फिक्या तपकिरीपासून गडद तपकिरीपर्यंत सहा तुकडे, आणि कढईतला कांदा पांढऱ्या बशीत काढून शेजारी लावून बघितला. तिसऱ्या तुकड्याला सूप सपक लागलं, पाचव्याला कडसर. चौथा तुकडा बरोबर. मंद आचेवर अठ्ठेचाळीस मिनिटं. तिने लिहून ठेवलं.

आठव्या शनिवारी मी चमचा तोंडात घातला आणि लगेच दुसरा घेतला.

"काय?" तिने विचारलं.

"तेच आहे," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि गॅस बंद केला. बटण बंद झालंय की नाही, ते तिने वाकून, बोट लावून पाहिलं.

त्या बुधवारी तिने सूप वाढायच्या आधी उभं राहून सांगितलं. "मला वास आणि चव कळत नाही. मागे आणलेलं कस्टर्ड करपलेलं होतं. सूप नासलेलं होतं. हे वन्संनी मला नंतर सांगितलं. तुम्ही खाल्लंत."

 मग औषधवाले म्हणाले, "मला वाटलं, काहीतरी नवीन पद्धत असेल." सगळे हसले. वहिनी हसली नाही, पण त्यांच्या वाटीत आधी वाढलं.

"बाईंनी 'थोडं म्हणजे किती' विचारलं नाही," ती मला नंतर जिना उतरताना म्हणाली, "तेव्हाच मला संशय आला होता."

बाईंनी नवी कृती उतरवून घेतली. कांदे सातशे ग्रॅम, लोणी साठ, पाणी सव्वा लिटर, मीठ अकरा. शेवटी वहिनीने त्या चौथ्या काचेचा तुकडा वहीच्या पानावर टेपने चिकटवला. बाई पेन टेकवून बसून राहिल्या. "मला विचारायला काही शिल्लकच ठेवलं नाहीस," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने एका बुधवारी बाई स्वतः पातेलं घेऊन आल्या. एकाहत्तर वर्षांच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा सूप केलं होतं. वही शेजारी उघडी ठेवून, घड्याळ लावून, एकटीने. हातावर भाजल्याचा डागही होता. त्यांनी पहिली वाटी वहिनीला दिली. वहिनीने दोन चमचे खाल्ले.

"जमलंय का?" बाईंनी विचारलं.

"मला विचारून काय उपयोग? वन्संना विचारा."

मी चाखलं. जमलं होतं, अगदी तंतोतंत. मी तसं सांगितलं आणि बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा चष्मा घेतला, त्याची डावी दांडी सैल झाली होती ती बोटांनी वाकवून सरळ केली आणि परत दिला.

आता वहीत वहिनीच्या हिशेबी कृती दहाएक झाल्या आहेत. तिला वास अजूनही येत नाही. डॉक्टर आता 'येईल' म्हणत नाहीत आणि तीही विचारत नाही. बाटल्यांतलं तेल संपलं, नव्या तिने आणल्या नाहीत. ती जेवते तेव्हा काहीतरी कुरकुरीत शेजारी घेते, तेवढं दाताला कळतं म्हणते. दादाबद्दल ती बोलत नाही. मी बोलले तर ऐकते.

मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली. नाक गच्च. शनिवारी मी वर गेले आणि म्हटलं, "आज माझा काही उपयोग नाही." तरी तिने बटाट्याचं सूप केलं, काट्यावर मोजून, आणि दोघींच्या पुढे वाट्या ठेवल्या. मी खाल्लं. जिभेच्या टोकाला मीठ आहे एवढं पुसटसं कळलं, बाकी काही नाही. कागद खाल्ल्यासारखं. मी चमचा खाली ठेवला.

"काय कळतंय?" वहिनीने विचारलं.

"गरम आहे. दाट आहे."

"हं," ती म्हणाली. "खा. अंगात थोडी ऊब येते."

मग तिने मला आणखी एक पळी वाढली, स्वतःला वाढून घेतली, आणि आम्ही दोघींनी ते सगळं सूप संपवलं.