पुंडलिकरावांच्या व्हॅनची कुलपं

हिंगणघाटच्या बसस्टँडबाहेर टिनाच्या शेडखाली विमलाबाई चाब्या घासत बसत. नवरा प्रेमदास गेल्यावर त्याची हत्यारांची पेटी त्यांनीच उघडली, त्याला नऊ वर्षं झाली. बाईमाणूस काय कुलूप काढणार, म्हणून आधी गिऱ्हाईक परत जायचं. आता जुन्या गाड्यांची कुलपं घेऊन लोक खेड्यापाड्यांतून त्यांच्याकडेच येत. मालकाने सांगितल्याशिवाय चाबी काढायची नाही, हा प्रेमदासचा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

डिसेंबरात पुंडलिकराव आले. गिरणीतून निवृत्त झाल्यावर ते आपल्या जुन्या व्हॅनमधून पेशंट सावंगीच्या दवाखान्यात नेत-आणत. मुलगा रजत दारूला लागला होता आणि त्याच्याजवळ व्हॅनची दुसरी चाबी होती. त्या सोमवारी तो न सांगता गाडी घेऊन गेला. डायलिसिसला जायची एक म्हातारी तयार होऊन दारात बसून राहिली. दुसरी गाडी मिळेपर्यंत तिला धाप लागली. म्हणून पुंडलिकरावांना सगळी कुलपं बदलून हवी होती.

इतक्या जुन्या व्हॅनची नवी कुलपं बाजारात मिळेनात. विमलाबाईंनी पुंडलिकरावांच्या अंगणात बसून दारं आतून खोलली, कुलपं बाहेर काढली, त्यांतल्या पितळी पत्त्या बदलून नव्या चाबीला जुळवल्या. सरकतं दार गंजलेलं होतं, त्यातच दुपार गेली. शेवटी एकाच चाबीने तिन्ही दारं उघडली आणि गाडीही सुरू झाली.

मागच्या सीटवर चादर, स्वेटर आणि कंगवा होता. बापाशी बोलणं बंद झाल्यापासून रजत गाडीतच झोपायचा. पुंडलिकरावांनी ते सगळं पिशवीत भरून घरात नेऊन ठेवलं.

"थंडीचा कुठं झोपन तो?" विमलाबाईंनी विचारलं.

"घर आहे ना. मी काय त्याले घरात येऊ नको म्हटलं?"

दोन दिवसांनी रजत शेडपाशी आला. प्यायलेला नव्हता.

"मावशी, मले गाडी चालवाची नाई. फक्त झोपाले पाह्यजे. एक चाबी काढून दे."

त्यांनी बापाला विचारून यायला सांगितलं. रजत माठातलं पाणी प्यायला आणि गेला. पुंडलिकरावांच्या कानावर घालावं, असं विमलाबाईंच्या मनात आलं होतं, पण गिऱ्हाइकं होती, राहून गेलं.

कुलपं बदलल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी रजत कापसाच्या जिनिंगच्या भिंतीलगत मरून पडलेला सापडला. दारू आणि थंडी, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगात नुसता शर्ट होता.

तेरवी झाल्यावर पुंडलिकरावांनी विमलाबाईंना घरी बोलावलं. व्हॅनच्या सरकत्या दारात चाबी जात नव्हती. विमलाबाईंनी बॅटरी धरून पाहिलं. आत चाबीचा तुटका तुकडा अडकला होता. बारीक आकड्याने त्यांनी तो हळूहळू ओढून काढला. पुंडलिकरावांनी हात पुढे केला, तसा तो विमलाबाईंनी त्यांच्या तळहातावर ठेवला.

"त्याचीच ना?"

"हो. जुनी चाबी."

"एखाद्या वेळी लावून पाह्यली असन."

विमलाबाईंनी दारं निरखली. तिन्ही कुलपांभोवती रंग खरवडला होता, मागच्या दाराचा तर पत्रा उघडा पडला होता. खोटं सांगणं सोपं होतं.

"नाई भाऊ. लई वेळा लावली."

मग रजत आपल्याकडे आला होता, तेही त्यांनी सांगून टाकलं. पुंडलिकराव पायरीवर खाली बसले. रजतची आई यशोदाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"मले काऊन नाई सांगतलं, बाई?" ती म्हणाली. "मी घराची कडी लावतच नोती. रोज."

विमलाबाईंनी हत्यारं पेटीत भरली.

पेशंट होतेच, त्यामुळे आठवड्याभरात व्हॅन पुन्हा सावंगीला जाऊ लागली. बसस्टँडवरून जाताना पुंडलिकराव विमलाबाईंना मान हलवून नमस्कार करतात. यशोदाबाई मात्र बाजाराला येताना दुसऱ्या रस्त्याने येते.