चाकावरची जागा

शाळेच्या बसमध्ये मुलं चढवणं, उतरवणं आणि मोजणं हे मावशींचं अकरा वर्षांचं काम. सगळे त्यांना 'बसमावशी' म्हणतात. हल्ली घरची नातवंडंही तेच म्हणतात, याचा त्यांना राग येतो. त्यांच्या हजेरीच्या वह्यांपैकी सहा मी वाचल्या. प्रत्येक पानावर थांबे आणि बरोबरच्या खुणा आहेत. समासात, कोणी न सांगता केलेली, बारीक अक्षरातली दुसरी नोंद आहे: कोणी कोणासाठी जागा धरली.

मुलांचा कायदा साधा. आधी चढलेल्याने शेजारी दप्तर ठेवायचं. ते ज्याच्यासाठी उचललं जातं, तो आपला. ज्याच्यासाठी कोणीच उचलत नाही, त्याने मागच्या चाकावरच्या बाकावर जायचं. तिथे पाय नीट टेकत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याला डोकं पुढच्या बाकाच्या दांडीवर आपटतं. हुशारी, कपडे किंवा डब्यातला खाऊ यांपैकी कशानेही जागा मिळत नाही, असा मावशींचा दावा आहे. वह्यांवरून तो मला खोडता आला नाही. सिद्धही करता आला नाही.

सत्राच्या मध्यावर चौथीत एक नवी मुलगी आली. समासात सव्वीस दिवस तिच्या नावापुढे एकच शब्द आहे: 'चाक'.

सत्ताविसाव्या दिवशी मावशींचा धीर सुटला. चौथीत जिच्या दप्तराकडे सगळ्यांचे डोळे असत, ती लांब वेणीवाली रोज एका चष्मेवालीसाठी जागा धरी. मावशींनी ते दप्तर उचलून तिच्या मांडीवर दिलं, तिथे आपली कापडी पिशवी ठेवली आणि नव्या मुलीला आणून बसवलं.

"मावशी, मोठ्यांनी जागा धरायची नसते," वेणीवाली म्हणाली.

"नसते म्हणजे? कोणी ठरवलं?"

"कोणी नाही. नसते."

ड्रायव्हरकाका आरशातून हसले. "मावशी, मुलं मोजायची सोडून सोयरिकी जुळवायला लागलात की काय?"

"तुम्ही समोर बघा!"

असं आठ दिवस चाललं. चष्मेवाली चाकावर गेली आणि नव्या मुलीचं नाव 'पिशवी' पडलं. पूर्वी तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. आता ती जवळ आली की बोलणारेही गप्प होत, कारण पिशवीच्या कानावर गेलेलं मावशींना कळतं, असं ठरून गेलं. मावशी ओरडल्या. वेणीवालीला दम दिला. मुख्याध्यापिकांकडे गेल्या, तर "मुलं आहेत, चालायचंच," एवढं ऐकून परत आल्या. त्या आठवड्यात पेन इतकं दाबलं गेलंय की पानांच्या पाठीवर अक्षरं उठली आहेत.

शेवटी मुलगीच उतरताना पायरीवर थांबली. "मावशी, उद्यापासून माझी जागा धरू नका."

"अगं, मग बसशील कुठे? परत चाकावर?"

"हो. तुम्ही धरलीत तर ती धरल्यासारखी होतच नाही."

"एवढीशी पोर आणि मलाच शिकवते!" हे मला सांगतानाही मावशींचा आवाज चढला. "बरं, चुकीचं तरी बोलावं! तेही नाही."

दुसऱ्या दिवशी मावशींनी पिशवी मांडीवर घेतली. वेणीवालीने मात्र आता तिसऱ्याच मुलीसाठी दप्तर उचललं. मावशींच्या खटाटोपाचं एवढंच फळ: चष्मेवालीचीही जागा गेली.

नवी मुलगी चाकावर बसली आणि शेजारी तिने स्वतःचं दप्तर ठेवलं. कोणासाठी, ते मावशींना कळेना. शेवटच्या थांब्यावर चष्मेवाली चढली, वेणीवालीकडे पाहून पुढे सरकली आणि मागे येऊन उभी राहिली.

"हे कोणासाठी?"

"अजून कोणासाठी नाही."

'बस की गं!' हे मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ओठ आवळले आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बस सुटली. पेट्रोल पंपापुढचा खड्डा आला आणि मागे दांडीवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. लगेच दुसऱ्या डोक्याचा.

त्या दिवशीच्या समासात काहीच नोंद नाही. मी दोनदा तपासलं. विचारलं, तर मावशी माझ्यावरच उखडल्या: "बघितलं असतं, तर लिहिलं नसतं का?"