सुनीताच्या मुलाला मी जामीन राहिले

एकाच चार्टर्ड बसमध्ये, एकाच सीटवर सोळा वर्षं बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत, महिन्याच्या पासाबरोबर आपोआप मिळतात. आमची बस आर. के. पुरमहून साडेआठला सुटायची आणि आम्हा सरकारी लोकांना आपापल्या भवनाच्या दारात उतरवायची. खिडकीची जागा माझी, शेजारची सुनीता थोरातची. ती आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या नाताळच्या करंज्या माझ्याकडे, माझ्या दिवाळीच्या चकल्या तिच्याकडे. एवढी मैत्री, आणि तरी मी तिच्यावर किती जळले ते माझं मला माहीत. आता रिटायर झालेय, सांगायला हरकत नाही.

*

कुणाच्या घरी काही चांगलं झालं की बसमध्ये मिठाईचा डबा फिरायचा. मुलाला नोकरी लागली की पूर्वी लोक विचारत, "सरकारी है ना?" मग गुडगावला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि प्रश्न बदलला. पुढच्या सीटवरचे शर्माजी डब्यात हात घालायच्या आधी विचारायचे, "पैकेज?"

आकडा ऐकून एक बर्फी घ्यायची की दोन, हे ते ठरवत. एकदा कुणाच्या तरी मुलाचं पॅकेज ऐकून त्यांनी बर्फी अर्धी मोडून परत ठेवली. म्हणाले, "शुगर है मुझे."

*

अशा बसमध्ये मी सांगितलं की माझी मुक्ता बीएला पोलिटिकल सायन्स घेतेय.

बारावीला तिला सुनीताच्या अभयपेक्षा चांगले मार्क होते. तो चालला होता गाझियाबादच्या एका नव्या प्रायव्हेट कॉलेजात, कम्प्युटर इंजिनिअरिंगला. मिठाईचा डबा माझ्याही हातात होता, पण लोकांचे चेहरे सांत्वनाला आल्यासारखे झाले. शर्माजींनी एक पेढा घेतला आणि म्हणाले, "हिम्मत रखिए. लड़की है, चल जाएगा."

तो पेढा त्यांच्या हातातून काढून घ्यावासा वाटला मला.

*

आमचे हे ओखल्याच्या एका फॅक्टरीत अकाउंट्स बघायचे. त्यांनी कॅलेंडरच्या मागे रकाने आखले. एकीकडे इंजिनिअरिंग: फी, लोन, व्याज, पगार, लोन किती वर्षांत फिटेल. दुसरीकडे पोलिटिकल सायन्स. तिथे फीचा आकडा इतका छोटा होता की आधी मला वाटलं शून्य राहिलंय. सरकारी कॉलेजची वर्षाची फी माझ्या बसच्या दोन महिन्यांच्या पासाएवढी.

"लोन निल," हे खुशीत म्हणाले. मग पगाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ विचार करून त्यांनी तिथे एक रेघ ओढली आणि कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लावून टाकलं. मुक्ता तोवर फॉर्म भरून आलीसुद्धा होती.

*

त्याच आठवड्यात सुनीता खाली आली. बँकेला अभयच्या लोनसाठी जामीनदार हवा होता, पक्की सरकारी नोकरी असलेला. "तुझ्याशिवाय कुणाला सांगू गं?"

मी सही केली. मॅनेजरने समजावलं, "देखिए मैडम, लड़के ने नहीं भरा तो आप भरेंगी."

त्या दिवसापासून मला धड जळताही येईना. पोराचा विषय राहिला असं कानावर आलं की आधी मनात गार वाटायचं आणि दुसऱ्याच क्षणी घाम फुटायचा. संकष्टीला गणपतीपुढे मी आधी अभयसाठी हात जोडायचे आणि मग मुक्तासाठी. ह्यांनी एकदा ऐकलं. म्हणाले, "देवालासुद्धा कळत नसेल, तुझं पोर कुठलं."

*

गणपतीने ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. अभयला गुडगावला नोकरी लागली आणि पगार माझ्या जॉइंट सेक्रेटरीसाहेबांपेक्षा जास्त. सुनीताने काजूकतली आणली. शर्माजींनी तीन घेतल्या. पॅकेजचा आकडा ऐकून अख्खी बस टाळ्या वाजवत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कापून हातात किती येणार?"

सगळे हसले. सुनीता हसली नाही. मी चार काजूकतल्या खाल्ल्या आणि ऑफिसात दुपारी जेवले नाही.

*

मुक्ता तेव्हा एमए करत होती आणि कुठल्याशा सर्व्हेचं काम मिळालं म्हणून खूश होती. बसमध्ये मी "रिसर्च प्रोजेक्ट" असं सांगायचे. एका सोमवारी शर्माजी मागे वळून म्हणाले, "कल आपकी बिटिया मिली."

त्यांनी रिटायरमेंटसाठी गाझियाबादला फ्लॅट घेतला होता. रविवारी ते तिथे नळ बसवत असताना दारात मुक्ता उभी, हातात कागद, उन्हाने लाल झालेली. "पूछ रही थी वोट किस बात पर देंगे. मैंने पानी पिलाया. बेचारी."

शेजारी सुनीता अभयशी मोबाइलवर बोलत होती. तेव्हा बसमध्ये मोबाइल तिच्या एकटीकडे होता, अभयने दिलेला. मला त्या मोबाइलचासुद्धा राग आला.

*

पुढे मुक्ता एका कॉलेजात शिकवायला लागली. ॲडहॉक, म्हणजे दर चार महिन्यांनी नोकरी राहणार की जाणार याची धाकधूक. मी लाडू वाटले आणि 'ॲडहॉक' शब्द गिळून टाकला.

वर्षभराने माझ्या एफडीचं काम होतं म्हणून बँकेत गेले. मॅनेजर तेच होते. म्हणाले, "वो थोरातवाले लोन की फिक्र मत कीजिए. आपकी बेटी हर महीने किश्त दे जाती है."

"माझी?"

"हाँ जी. चार महीने से."

घरी आल्यावर मुक्ताला समोर बसवलं. अभयच्या कंपनीने गाशा गुंडाळला होता. सुनीताला काही माहीत नव्हतं. तो रोज सकाळी टाय लावून निघायचा आणि संध्याकाळपर्यंत मुक्ताच्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून अर्ज लिहायचा.

"अगं, पण तुझा अर्धा पगार जात असेल," मी म्हटलं. "तू का भरतेस?"

"सही तर तुझी आहे ना, आई," ती म्हणाली आणि वह्या तपासायला लागली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सुनीता माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. म्हणाली, "मुक्ताचा पगार तर सगळाच्या सगळा शिल्लक पडत असेल. ना लोन, ना हप्ता. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो गं."

मी म्हटलं, "वाटू दे."