जाळलेलं गाऱ्हाणं

ताइनानच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात वेन चिंग-हाई म्हणजे देवाचं बोलणं समजणारा माणूस. देवळातल्या आ-शंगच्या अंगात देव आला की तो मान हलवत जे पुटपुटायचा, ते दुसऱ्या कुणाच्या बापाला कळत नसे. वेन शेजारी उभे राहून साध्या बोलीत सांगायचे. त्याआधी आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं लिहून घेणं हेही त्यांचंच काम. नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि मग पोटात दडवलेलं जे काही असेल ते. देवापुढे वाचायचं आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत जाळायचं. राख झाली की गोष्ट देवाकडे पोचली, माणसांत उरली नाही. याच भरवशावर गाव त्यांच्यापाशी मन मोकळं करी. वेनही ऐकलेलं असं गिळून टाकत की शेजारी रोज भांडण कशावरून होतं, हे त्यांच्या बायकोला शेवटपर्यंत कळलं नाही.

साठी उलटल्यावर त्यांचा हात थरथरू लागला. देवाला गिचमिड अक्षर कसं द्यायचं, म्हणून ते देवळाच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करू लागले. काम झालं की कॉम्प्युटर नाव विचारायचा. ते माणसाचंच नाव द्यायचे. छापायचं, वाचायचं, जाळायचं. कागद जळला की संपलं. मागे यंत्रात काही उरत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढे आ-शंग वारला आणि देवाचं येणं थांबलं. देवळाला शंभर वर्षं होणार म्हणून अध्यक्षांनी पुस्तक काढायचं मनावर घेतलं. जुन्या कॉम्प्युटरमधले मिरवणुकीचे फोटो आणि देणगीदारांची नावं बाहेर काढायचं काम यू-चंगकडे गेलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गावात या कामाला दुसरं होतं कोण?

तो यंत्र न्यायला येण्याआधी वेन सहज फोटो बघायला बसले, आणि एका कप्प्यातून नावांची रांग निघाली. जाळलेली गाऱ्हाणी यंत्रात जशीच्या तशी होती, आणि त्यात सिउ-लुआनचंही नाव होतं. सिउ-लुआन म्हणजे यू-चंगची आई. पोरगा सैन्यात जायचा होता तेव्हा ती आली होती. तिथे रक्त तपासतात, आणि त्याचा रक्तगट आम्हा नवराबायकोच्या पोटी येणारा नाही, असं तिनं खाली मान घालून सांगितलं होतं. त्याला जन्म दिला होता तिच्या धाकट्या बहिणीनं, लग्नाआधी. ती आता काओश्युंगला सुखानं नांदत होती, आणि तिच्या नवऱ्याला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

वेननी सगळी गाऱ्हाणी कॉम्प्युटरच्या कचरापेटीत टाकली. नातीनं शिकवलं होतं तशी पेटीही रिकामी केली. मग देवाला उदबत्ती लावून निवांत घरी गेले.

दोनेक दिवसांनी यू-चंग बाजारात भेटला तो हसतच. "आजोबा, तुमच्या हातून बरंच काही पुसलं गेलं होतं. काळजी करू नका, परत आणतोय."

पुसलेलं परत कसं येतं, असं वेननी विचारलं. पोरानं मन लावून समजावलं. पुसलं म्हणजे कॉम्प्युटर दारावरची पाटी तेवढी काढतो. घरातली माणसं घरातच असतात. त्या जागी दुसरं काही लिहून भरलं, तरच जुनं खरं नाहीसं होतं.

वेन बाजार तसाच टाकून सिउ-लुआनच्या अंगणात गेले. ती कालवं फोडत बसली होती. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. तिची सुरी थांबली.

"वेनदादा, तुम्ही माझ्यासमोर जाळलंत ना?"

"जाळला तो कागद होता, पोरी."

"मग मी कशाला रडले त्या राखेपुढे?"

दोघांनी बराच विचार केला, पण प्रत्येक वाट त्या पोराच्या दुकानापाशीच जाऊन थांबे. यंत्र बिघडवलं तर तोच दुरुस्त करणार. अध्यक्षांना सांगावं तर ते विचारणार, असं काय आहे त्यात? शेवटी वेनच म्हणाले, सरळ सांगू. लोकांच्या मनातल्या गोष्टी आहेत, न वाचता नाहीशा कर. पोरगा सरळ आहे, ऐकेल.

आणि यू-चंगनं ऐकलंही. दुपारी आईच्या निरोपावरून कॉम्प्युटर घेऊन तो घरी जेवायला आला, तेव्हा वेनचं सगळं बोलणं त्यानं मान हलवत ऐकून घेतलं. बरोबर आहे आजोबा, म्हणाला, मीही एकही फाइल उघडलेली नाही, नावं-तारखा तेवढ्या दिसल्या. तिथेच जेवणाच्या टेबलावर त्यानं काम सुरू केलं. कालवांच्या शेवया गार होत होत्या. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती, आणि त्या पट्टीबरोबर वेनचा श्वास मोकळा होत होता.

पट्टी भरली. "आता खुद्द देवालाही वाचता येणार नाही," यू-चंग म्हणाला. मग जेवायच्या काड्या उचलता उचलता त्यानं आईकडे पाहिलं. "तुझंही एक होतं, आई. मी सैन्यात गेलो त्याच महिन्यातलं. काय झालं होतं तुला?"

सिउ-लुआननं वाटी पुढे सरकवली. "काही नाही रे. बरं नव्हतं."

"बरं नव्हतं म्हणजे काय?"

"बायकांचं दुखणं. जेव आता."

यू-चंगनं वेनकडे पाहिलं. खोटं वेनच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, पण खरं सांगायची वाट तर त्यांनीच आता पुसायला लावली होती. ते म्हणाले, "हो, आजारीच होती."

ते ऐकून पोराचा चेहरा पडला. त्याच्या आजीलाही असंच बायकांचं दुखणं झालं होतं, तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आईनं देवाकडे जाऊन लपून गाऱ्हाणं घालावं इतकं काय होतं, आणि ते आता तरी बरं आहे का? त्यानं दोनदा विचारलं. ती नुसतं 'नाही रे, नाही रे' म्हणत राहिली. जितकी ती नाही म्हणे, तितकी त्याची खात्री पटत गेली.

"तू सांगणार नाहीस मला," तो म्हणाला आणि त्यानं खिशातून फोन काढला. "मावशीला विचारतो. तुझं सगळं तिला माहीत असतं."

सिउ-लुआन अर्धवट उठली आणि टेबलाला धरून तशीच राहिली. नको म्हणावं तर का म्हणून सांगायचं? काओश्युंगला मावशीचा फोन वाजत होता. यू-चंगनं काळजीनं आईचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावून तो वाट बघू लागला.